चंदी आणि शिदोरी

ज्या माणसाने सारी नोकरी इतरांच्या निबंधांच्या समासात तांबड्या शाईने ‘विस्तार अनावश्यक’ असे लिहिण्यात घालवली, त्याने उतारवयात स्वतःच निबंधासारखे काही लिहायला बसावे, हे औचित्याला धरून नाही याची मला पुरती जाणीव आहे. त्यात विषय असा निवडला आहे, की त्यावर बोलण्याचा अधिकार सडपातळ माणसांनाच असावा. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी अंगावरचे वजन कसे उतरवावे, हा तो विषय. मी कधी सडपातळ नव्हतो आणि आजही नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. आणि क्षमा करणे जमणारे नसेल, तर निदान समासात काही लिहू नये.

नवे मध्य प्रदेश राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. राजधानी भोपाळला गेली होती, आणि इंदूरच्या मराठी घरांतून कोणाची बदली तिकडे झाली व कोणाची टळली याखेरीज दुसरे बोलणे ऐकू येत नसे. मी एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. संस्कृतच्या मास्तराला भोपाळला बोलावून घ्यावे असे कोणालाच वाटले नाही. त्यामुळे मी होतो तिथेच राहिलो आणि जागच्या जागी रुंदावत गेलो.

हे रुंदावणे खादाडपणाचे फळ नव्हते, भिडेचे होते. माळव्यात यजमान पाहुण्याचा पहिला नकार रीत म्हणून सोडून देतो, दुसरा लाज म्हणून सोडून देतो, आणि तिसरा झाला तरच तो खरा मानतो. माझा पहिलाच घशात अडकत असे. पंगतीत वाढपी समोर आला, की मी आधी योग्य शब्द शोधी, मग योग्य स्वर शोधी, आणि तोवर पानात बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, पडून त्यावर तूप ओतलेले असे. पडलेले टाकायचे नाही, हा घरचा संस्कार. अशा रीतीने माझी विनम्रता वर्षानुवर्षे माझ्या कमरेभोवती साठत गेली.

आमच्या गल्लीत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे संस्थानिकांच्या समाध्यांच्या, मागच्या अंगाला, एक निवृत्त रिसालदार राहत. तीन पिढ्या संस्थानच्या घोडदळात गेलेले ते घराणे. संस्थान गेले, रिसाला गेला, घोडे कुठे गेले ते विचारण्याची सोय नव्हती. मग त्यांनी एक काळी, जाड, इंग्रजी बनावटीची सायकल घेतली. तिला ते ‘घोडी’ म्हणत, रपेटीहून आल्यावर फडक्याने पुसून काढत, आणि ती पुरती पुसून झाल्याशिवाय स्वतः पाण्याला शिवत नसत. त्यांच्याभोवती गल्लीतल्या पाच-सहा जणांचे एक मंडळ जमले. दर हिवाळ्यात हे मंडळ पहाटे इंदुराहून निघून, बेटमा आणि धार मागे टाकून, एका दिवसात सायकलीने मांडूला जाई.

मीही त्या मंडळात होतो. मात्र सायकलीवर नव्हतो. माझा देह पाहून पहिल्याच वर्षी सर्वानुमते ठरले, की मास्तरांनी शिदोरीची टोपली घेऊन मोटारीने यावे. मोटार म्हणजे धारेवरून मांडूला जाणारी प्रवासी बस. टोपली वेताची, पिंपाएवढी. तिच्यात सगळ्यांच्या दशम्या, चटण्या, गूळ, दह्याचा गडवा. ती वर टपावर ठेवली तर दही सांडते, म्हणून मागच्या बाकावर मांडीवर घेऊन बसायचे. मांडूला जाण्याचा रस्ता फार सुंदर आहे असे सगळे म्हणत. मी तो ओळीने चार वर्षे प्रवास केला, आणि मला त्यातले टोपलीचे झाकण तेवढे आठवते. उतरलो की मंडळी घामाघूम, हसत, धुळीने माखलेली अशी बसलेली असत आणि मला बघून ओरडत, “आली, आली!” हा जयघोष टोपलीचा असे.

पाचव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मी रिसालदारांकडे गेलो आणि बराच वेळ हवापाण्यावर बोललो. शेवटी तेच म्हणाले, “मास्तर, काय काम आहे ते बोला ना. असे काय घोड्यासारखे पाय बदलताय?”

“मला यंदा सायकलीवरून यायचे आहे,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. उठले, माझ्याभोवती एक फेरी घातली, आणि काहीएक न विचारता माझ्या कुशीत दोन बोटे खुपसली. इकडे चाचपले, तिकडे चाचपले.

“बरगडी सापडत नाही, भिया. आहेत ना तुम्हाला?”

“असाव्यात,” मी म्हणालो.

“बघा, घोड्याची बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसायला नको. दिसली तर जनावर उपाशी, नाही लागली तर जनावर सुस्त. तुमचं तर गोदामच झालंय. पण टाइम आहे. चार महिन्यांत काढू.”

त्यांची वजन उतरवण्याची पद्धत रिसाल्यातल्या घोड्यांच्या लांब मजलीच्या तयारीवरून जशीच्या तशी उचललेली होती. पहाटे भिजवलेले हरभरे मूठभर, चिमूटभर गुळाबरोबर. याला ते चंदी म्हणत, जसे घोड्याच्या दाण्याला म्हणतात. मग रपेट, पहिले आठवडे सिमरोलच्या निम्म्या वाटेपर्यंत, पुढे सिमरोलपर्यंत. परत आल्यावर अंग कोरडे होईतो पाणी नाही. (हे चुकीचे आहे असे पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितले; घोड्यांचे काय मत होते ते कळले नाही.) दिवसा ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रात्री भात बंद, तूप फक्त सायकलीच्या साखळीला लागले तर लागो. आणि शेव बंद. इंदुरात शेव बंद करणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणात शेव, आणि नुसता चहा दिला तर पाहुण्याला आपला अपमान झाला असे वाटू नये म्हणून शेजारी शेव.

“आणि दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा,” रिसालदार म्हणाले. “एक, उतरवायचं ते पावसाळ्यात. मजल जवळ आली की उतरवणं बंद, आदल्या दिवशी तर पोटभर खायचं. दुसरी, रस्त्यात भूक लागायच्या आधी खायचं. घोडा सांगत नाही, मास्तर. तो एकदम बसतो.”

मी मान डोलावली. संस्कृतात मान डोलावण्याची परंपरा जुनी आहे.

पद्धतीत खोट नव्हती. खोट होती ती पद्धत आणि माझे घर यांच्यामधल्या अंतरात. हा बेत मी पत्नीला सांगितलाच नाही. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने मनात एखादी आकांक्षा बाळगावी, हेच मला लाजिरवाणे वाटत होते. ती फसलीच तर साक्षीदार कमी असावेत अशी व्यवस्था मी केली. तिला म्हणालो, “सकाळी जरा हवा खाऊन येत जाईन म्हणतो. सायकलीवरून.”

“जा की,” ती म्हणाली.

म्हणून मी पहाटे छत्र्यांपाशी हरभरे खाई, सिमरोलच्या रस्त्याला दम टाकून येई, आणि घरी आलो की ती माझ्या कपाळावरचा घाम बघून पोह्यांची ताटली पुढे ठेवी. वर शेव.

“अहो, हवा खाऊन माणूस इतका थकतो का? घ्या अजून. नाही तर चक्कर येईल.”

मी योग्य शब्द शोधी. दुपारी ज्वारीची भाकरी मागण्यासाठी कारण सांगावे लागले असते, म्हणून पोळ्याच खाई. रात्री भात. मी हवा खायला लागल्यापासून तिने भातावरचे तूपही वाढवले. रिसालदारांच्या आहारातला एकही पदार्थ मी चुकवला नाही आणि घरच्या आहारातला एकही नाकारला नाही. जगात अनेकांनी अनेक पथ्ये केली असतील. दोन पथ्ये एकावर एक रचून खाणारा मात्र मीच असेन.

भाद्रपदात रिसालदार आम्हा सगळ्यांना दाणाबाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे पुन्हा घेऊन गेले; आषाढात एकदा तिथेच आमचे वजन झाले होते. तिथे मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गव्हाची पोती. आमच्या मंडळातले एक वकील, जे जन्मतःच काटकुळे होते आणि ज्यांना त्याचा अभिमान होता, पटकन चढले आणि उतरले. माझी पाळी आली तेव्हा बाजारातली चारदोन माणसे उगाच थांबली. पारडे खाली गेले ते वर यायचे नाव घेईना. व्यापाऱ्याने एक पोते चढवले, दुसरे चढवले, मग हमालाला हाक मारून तिसऱ्यातला गहू मापाने काढायला लावला.

“मास्साब,” तो अदबीने म्हणाला, “पिछली बार तो इत्ते में हो गया था.”

“पद्धत उलटी लागू पडली,” वकील म्हणाले. “रिसालदारसाहेब, तुम्ही हे घोड्याला करता की हत्तीला?”

रिसालदारांनी पुन्हा माझ्या कुशीत बोटे खुपसली. बराच वेळ ठेवली. मग हळूच म्हणाले, “मास्तर, टोपलीत काही कमीपणा नाही. कोणीतरी आणायलाच लागते ना?”

तो दयेचा स्वर मला मांडूच्या सगळ्या चढांपेक्षा जड गेला. मी मान खाली घालून म्हणालो, की मी येईन तर सायकलीवरूनच. हे इतक्या हळू बोललो, की त्यांनी “काय?” म्हणून दोनदा विचारले, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत माझा आवाज बाजारभर ऐकू जाण्याइतका मोठा झाला होता.

“ठीक आहे. मग टोपलीची काळजी सोडा,” ते म्हणाले. “तिची व्यवस्था मी बघतो.”

त्यानंतर मी जिद्दीला पेटलो. जिद्दीला पेटलेला भिडस्त माणूस उघड लढत नाही; तो पळवाटा शोधतो. मी शाळेत जास्तीची कामे मागून घेतली आणि दुपारचे जेवण चुकवले. रात्री पोट बिघडल्याचे सांगितले. वजन हालेना म्हणावे तर थोडे हालले. हिवाळा लागला तेव्हा विजारीच्या नाडीला गाठ एका बोटाच्या अंतराने आत पडू लागली. या यशाने माझी मती फिरली. रिसालदारांनी सांगितलेल्या दोन पक्क्या गोष्टी विसरून, मजलीच्या अगदी तोंडावर, उरलेसुरले सगळे एकदमच उतरवून टाकावे असे मी ठरवले. जायच्या आदल्या दिवशी मी जवळजवळ काहीच खाल्ले नाही. पत्नी रात्री दशम्या करत बसली होती, दर वर्षीप्रमाणे. दुधात भिजवलेल्या पिठाचा, तव्यावर तापणाऱ्या तुपाचा वास घरभर होता. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

पहाटे निघताना म्हणालो, “टोपली न्यायला रिसालदारांकडून कोणी येईल. त्याच्याजवळ दे.”

“बरं,” ती म्हणाली. मी टोपली सोडून सायकलीवर का निघालो, हे तिने विचारले नाही. न विचारल्याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले नाही, हे आज आश्चर्याचे वाटते.

बेटम्यापर्यंत मी राजासारखा गेलो. अंग हलके वाटत होते. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभऱ्याची शेते, आणि समोर टोपलीचे झाकण नाही. रिसालदारांनी प्रत्येकाच्या दांडीला हरभऱ्याची एक पिशवी टांगली होती, तिला ते तोबरा म्हणत. बेटम्याला त्यांनी विचारले, “तोबऱ्यात तोंड घातलं का, मास्तर?” मी हो म्हणालो. घातले नव्हते, भूक मेलेली होती आणि मी तिच्या मरणावर खूष होतो. धारेला पोहोचलो तेव्हा इतरांनी चहाबरोबर भजी खाल्ली. मी पाणी प्यालो आणि स्वतःला जिंकल्यासारखे मिरवले.

नालछा मागे पडले आणि मी एकदम बसलो. दुसरा शब्द नाही. आधी डोळ्यांपुढे रस्ता पातळ झाला, मग मी सायकलीवरून उतरलो की सायकल माझ्यावरून, हे कळले नाही. एका मोरीच्या कठड्याला टेकून मी रस्त्याच्या कडेला होतो. मंडळी पुढे गेली होती. तोबऱ्याची गाठ दातांनी ओढली. सुटली तेव्हा सगळे हरभरे मोरीखाली सांडले. त्या क्षणी माझ्यातल्या संस्कृत पंडिताला एकही सुभाषित आठवले नाही.

तेवढ्यात मागून मोटार आली आणि थांबली. कंडक्टर दारात उभा. “क्या हुआ, मास्साब? चढ़ा दूँ साइकिल ऊपर?”

सगळ्या खिडक्यांतून माणसे बघत होती. आणि त्याच्या पाठीमागून, पदर खोचून, टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून, माझी पत्नी खाली उतरली.

रिसालदारांनी केलेली व्यवस्था ती ही.

“चढ़ाऊँ क्या?” कंडक्टरने पुन्हा विचारले. वर चढलो असतो तर ते वर्षही टोपलीचे झाले असते. मी शब्द शोधला नाही, स्वर शोधला नाही. “नको!” म्हणालो, आणि तो इतका मोठा निघाला, की मोटारीतले एक मूल दचकून रडू लागले.

“मग बसा तरी खाली,” पत्नी म्हणाली. तिने टोपली उघडली. दशमी, तिच्यावर गूळ, गुळावर तूप. मी खाल्ली. मग मी हात पुढे केला आणि म्हणालो, “आणखी दे.”

तिने आणखी एक दशमी काढली. “लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा मागितलंत.”

“तुला कधी कळले?”

“काय? सायकलीचं? श्रावणातच. तुमच्या कोटाच्या खिशात हरभरे निघायचे धुताना. रिसालदार काकांना विचारलं, तर ते म्हणाले, मजलीची तयारी आहे. मी म्हटलं, एवढी मेहनत करतायत, तर खाणं वाढवायला पाहिजे.”

“अगं, मला ते कमी करायचे होते!”

“मग नको म्हणायचं होतं ना. मी काय जबरदस्तीनं भरवत होते?”

“भाभीजी, गाड़ी खड़ी है,” कंडक्टर म्हणाला. बापड्याला खाऊ द्या म्हणून खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईने त्याला माळवीत झापले, “खावा दो बापड़ा ने!” मी सगळ्या मोटारीसमोर, लाज नावाची गोष्ट कुठेतरी धारेलाच विसरून आल्यासारखा, तिसरी दशमी खाल्ली. मग मोटार गेली. मागच्या खिडकीत मला टोपलीचे झाकण दिसले, आणि त्याच्या वर तिचे कपाळ.

उरलेला रस्ता मी काही चाललो, काही चालवला. दरीतून वर येणाऱ्या चढावर सायकल ढकलताना शेजारून बैलगाडी पुढे निघून गेली आणि गाडीवानाने मला रामराम केला. पण मांडूच्या दरवाज्यातून आत गेलो तो सायकलीवर बसून. मंडळी जेवून हात धूत होती. “आले, आले!” वकील ओरडले. मी वळून पाहिले. मागे टोपली नव्हती. रिसालदारांनी पुढे येऊन माझ्या कुशीत बोटे खुपसली आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

“एक सापडली,” ते म्हणाले.

तळ्याकाठी बसून मी उरलेले जेवलो. पत्नी टोपलीजवळ बसून मला वाढत होती आणि मान वळवून वळवून महालांकडे, पाण्याकडे, खाली निमाडाकडे उतरत गेलेल्या डोंगरांकडे पाहत होती. तेव्हा ध्यानात आले, की ती मांडूला पहिल्यांदाच आली आहे. चार वर्षे तिने दशम्या केल्या होत्या आणि त्या मी नेल्या होत्या.

“वहिनी, ठरलं बघा,” रिसालदार समाधानाने म्हणाले. “आता दर वर्षी शिदोरीबरोबर तुम्हीच. टोपली पहिल्यांदा न सांडता आली.”

“नाही हो काका,” ती सहज म्हणाली. “बसमधून काहीच दिसत नाही. झाकणच तेवढं दिसतं. पुढच्या वर्षी मलाही सायकल शिकायची आहे. बेटम्यापर्यंत का होईना.”

वकील हसले. “मग टोपली कोण आणणार?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले. पण त्या दिवसाचा नकार मी नालछ्याच्या पुढे रस्त्यातच खर्च करून बसलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात बेटम्यापर्यंत मी मांडीवर टोपली घेऊन मोटारीत होतो. तिथे पत्नी सायकलीवरून उतरली, धुळीने माखलेली, गाल लाल, आणि मला काही सांगण्याइतका श्वास तिच्याजवळ नव्हता. तिने टोपली घेतली, मी सायकल घेतली. वजन अर्थातच परत आले होते. रिसालदार म्हणाले, बरगडी पुन्हा हरवली. पण आमच्या दोघांच्या वाट्याला अर्धा-अर्धा रस्ता आला, आणि अर्धे-अर्धे झाकण.

टोपली मांडीवर घेऊन कोणीतरी बसल्याखेरीज कोणाचीच मजल पुरी होत नाही. तुमच्या घरी ती कोण धरून बसते?